पुस्तकातली हाक

ट्रकवाल्यानं भोंगा दाबला आणि नामाजीची मेंढरं वारंगा फाट्यावर ऐन रस्त्यात थिजली. पुढं जाईनात, मागं सरेनात. चुलतभाऊ कोंडीबाची मेंढरं कधीच रस्ता ओलांडून पलीकडं चरायला लागली होती. नामाजीची मात्र डांबरावर एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी खुपसून उभी. नांदेडकडून आणखी एक ट्रक येताना दिसत होता.

नामाजीनं हाक मारायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. वसमतला हळद पॉलिश करायच्या ड्रमवर रोजानं गेला होता. तिथली पिवळी धूळ घशात बसली ती बसलीच.

मेंढरू हाकेवर चालतं, आणि ज्याची त्याची हाक वेगळी. नामाजीची हाक त्याच्या बापानं दिलेली, बापाला आज्यानं दिलेली. जीभ टाळूला लावून आधी एक लांब सूर, मग दोन तुटके. ही हाक पोराला द्यायची, पोरीला नाही. पोरगी उद्या सासरी जाणार आणि आपली हाक दुसऱ्याच्या मेंढरांना देऊन बसणार, असं जुनी माणसं सांगत. नामाजीला तर एकच लेकरू, सहा वर्षांची सुकन्या.

म्हणूनच कोंडीबा वर्षभर त्याच्या मागं लागला होता. "हाकेला वारस न्हाई, तर मेंढरं ठिवून काय करतू? माझ्यात मिसळ. माझा पोरगा हनुमान सांभाळंल." कोंडीबाच्या मनात खोट नव्हती, म्हणून तर नामाजीला नाही म्हणता येईना. शेवटी त्यानं होकार दिला, बसलेल्या घशानं हनुमानला हाकही शिकवली. आज सकाळी दोन्ही कळप पहिल्यांदा एकत्र निघाले होते. तेव्हापासून नामाजीच्या तोंडात भाकरीचा घास फिरत होता.

हनुमान पलीकडून धावत आला आणि त्यानं हाक दिली. हाक बराबर होती. मेंढरांनी कान टवकारले, अनोळखी पाहुण्याकडं पाहावं तसं त्याच्याकडं पाहिलं आणि पुन्हा मुंडकी खाली घातली. ट्रक आता एसटीडीच्या टपरीपर्यंत आला होता.

तेवढ्यात पलीकडच्या, ओढ्यावरच्या मोरीवरून हाक आली. एक लांब सूर, मग दोन तुटके. आवाज बारीक होता, पण सूर कुठं हलला नाही. घंटी बांधलेली पुढची मेंढी गर्रकन वळली आणि मोरीच्या दिशेनं सुटली. तिच्यामागं सगळा कळप. शेवटचं शेपूट रस्त्याच्या खाली उतरलं आणि ट्रक धूळ उडवत निघून गेला.

मोरीच्या कठड्यावर सुकन्या बसली होती. मांडीवर तिचं पुस्तक.

हे पुस्तक नामाजीनंच, घसा बसायच्या कितीतरी आधी, वसमतच्या स्टँडवरून आणलं होतं. एक काळं कोकरू आईला चुकवून जग बघायला निघतं, लांडग्याच्या गुहेतून निसटतं, पुरात ओंडक्यावर बसून वाहत जातं, अशी सगळी चित्रांची गोष्ट. साक्षरतेच्या वर्गात कंदिलापुढं शिकलेली अक्षरं नामाजी बोटानं चाचपत वाचायचा. रोज संध्याकाळी, मेंढरं जाळीत कोंडली की, त्यांच्या शेजारीच बाप-लेकीचं वाचन. "मेंढरामागं फिरणाऱ्या पोरीला पुस्तक काहून?" असं म्हणून कोंडीबा हसायचा.

आता तो हसत नव्हता.

"पोरीला हाक दिली तू? आन मला सांगितलं बी न्हाई?"

"न्हाई दिली, दादा," नामाजी खरखरला. "शपथ."

"मंग ही कुठून शिकली?"

"पुस्तकात लिवलंय की, आबा," सुकन्या कोंडीबाला म्हणाली.

नामाजीला ते पान आठवलं. कोकराची आई टेकडीवर उभी राहून हाक मारते, ते. खाली छापलं होतं, 'ये रे माझ्या सोन्या, लवकर ये.' पहिल्या दिवशी ही ओळ त्यानं मनात वाचली आणि तो अडला. असल्या गोड बोलण्यानं कुठलं कोकरू परत येतं? लेकराला खोटं कसं वाचून दाखवायचं? मग त्यानं जीभ टाळूला लावली आणि खरी हाक दिली. सुकन्यानं ते पान पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग तीही त्याच्यासोबत वाचू लागली, दोघं मिळून, रोज, जाळीतल्या मेंढरांच्या कानाशी. नामाजीच्या डोक्यात एकदाही आलं नाही की आपण हाक देऊन बसलो. तो आपला गोष्ट वाचत होता.

त्यानं लेकीकडं पाहिलं आणि त्याचा ऊर भरून आला. बापाची हाक इतकी स्वच्छ त्याच्या स्वतःच्या गळ्यातूनही कधी निघाली नव्हती.

कोंडीबाला अक्षरओळख नव्हती. तो कठड्याशी उकिडवा बसला. "दाखव बरं, कुठं लिवलंय."

सुकन्यानं बरोबर ते पान काढलं. टेकडीवरच्या आईखालच्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचून दाखवलं, एक लांब सूर, मग दोन तुटके.

गवतात दोन्ही कळप एव्हाना एकमेकांत मिसळून गेले होते. त्यातून इथून एक, तिथून एक, अशा माना वर झाल्या. नामाजीची सगळी मेंढरं वाट काढत मोरीकडं चालू लागली. कोंडीबाची चरतच राहिली.

 कोंडीबा गुडघ्यावर हात टेकून उठला. पुस्तकाचं उडणारं पान त्यानं अंगठ्यानं दाबून धरलं आणि पोराला आवाज दिला.

"हनुमान, आपली मेंढरं येगळी काढ."