लव्हडेच्या दगडावरची कोरी जागा

अशी कल्पना करा, बाळांनो. थडग्याच्या दगडावर एका बाईचं, लव्हडेचं, नाव कोरलंय. त्याखाली ‘आणि तिचा पती लेफ्टनंट जास्पर ट्रेविक, मृत्यू’ एवढंच आहे. पुढची जागा कोरी. ती कोरीच ठेवा, अशी ताकीद लव्हडे मरताना देऊन गेली होती. त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली.

त्या कोऱ्या जागेसाठी तिच्याच वंशातली टॅमसिन आजोबांबरोबर कॉर्नवॉलहून लंडनच्या दप्तरखान्यात आली होती. आजोबांची छाती आता साथ देत नव्हती. आपण जाण्याआधी पूर्वजाच्या मृत्यूची तारीख कोरून व्हावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

मऊ उशीवर जाडजूड वही उघडून ठेवली होती. लढाई संपली की अधिकाऱ्यांना घरी पाठवत आणि अर्धा पगार चालू ठेवत. तो घेताना दर वेळी या वहीत सही करावी लागे. पानं उलटून उलटून जास्परची सही टॅमसिन आता लांबूनच ओळखायची. खाली दोरीच्या गाठीसारखा फराटा असायचा.

“शेवटची सही जून १८३२,” ती म्हणाली. “पुढे नाहीच.”

“म्हणजे त्याच उन्हाळ्यात गेला.” आजोबांनी चष्मा काढून पुसला. “सापडला गं, पोरी.”

“मग लव्हडेला विधवेची पेन्शन मिळाली?”

“मागितलीच नाही तिने. नवरा वारला असं शपथेवर सांगायचं, बस्स. पण मानी बाई! हातमोजे शिवून तीन पोरं वाढवली, सरकारपुढे हात पसरला नाही. नाहीतर तू! चॉकलेटसाठी दिवसातून चारदा पसरतेस.”

समोरच्या बाई हसल्या. त्या टास्मानियाच्या डोरीनबाई. त्यांनाही हीच वही हवी होती, पण एका वेळी ती एकालाच मिळे.

“सावकाश होऊ दे,” त्या म्हणाल्या. “दिवसभर विमानात बसून आलेय, आणखी तासभर बसेन.”

“तुमचंही कुणी आहे का यात?” आजोबांनी विचारलं.

“खापरपणजोबा. इथला अर्धा पगार एकरकमी पैशांवर सरकारला कायमचा विकून टाकला आणि तिकडे जमीन घेतली. एकटेच आले, तिथेच लग्न केलं. इथे मागे कुणी होतं का, ते कधी बोलले नाहीत म्हणे.”

“बिचारे,” आजोबा म्हणाले आणि पाथरवटाला पत्र लिहू लागले. मृत्यू, १८३२.

टॅमसिन पेन्सिलीला टोक काढायला उठली. टोकयंत्र डोरीनबाईंच्या बाजूला होतं. त्यांच्यापुढे खापरपणजोबांच्या जमिनीच्या कागदाची छायाप्रत पडली होती. साल १८३३. तळाशी सही, आणि सहीखाली तीच दोरीची गाठ.

टॅमसिन तिथेच उभी राहिली. मग परत आली, आजोबांच्या हाताखालचं पत्र हळूच ओढून घेतलं, घडी करून खिशात घातलं आणि वही उशीसकट डोरीनबाईंपुढे सरकवली.