आईचं बोट

रबाब घोरायला लागली तसं इन्साफच्या डोळ्यांत पाणी आलं. आतडं फाटल्यापासून लेक तळमळत होती. काल पोट उघडून शस्त्रक्रिया झाली, तरी कण्हणं थांबलं नव्हतं. आणि आज, इजिप्तमधल्या तांता शहराच्या या इस्पितळात, भेटीच्या वेळच्या एवढ्या गलक्यात पोर चक्क घोरत होती. "अल्हम्दुलिल्लाह," इन्साफ पुटपुटली आणि लेकीच्या सैल मुठीतलं बटण तिनं आणखी एकदा दाबलं.

"थेट बापावर गेलीय," नणंद नजात म्हणाली. "माझा भाऊ घोरला की गल्लीतली मांजरं पळतात."

"तुझ्या भावाचं नाव काढू नकोस. सकाळपासून खाली चहाच ढोसतोय."

बटण रबाबच्या हातात दिलं होतं ते नर्स दिमयानानं. देताना बजावलंही होतं, "दुखलं की हिनंच दाबायचं, खाला. मॉर्फिन आहे. जास्त झालं तर श्वास मंदावतो. झोपलेल्या माणसाच्या हातून बटण दाबलं जात नाही, झोपच याची राखणदार." इन्साफनं मान डोलावली होती. पण झोपेत लेकीच्या कपाळाला आठी पडली की आईला राहवतं होय? तिचा हात काय अन् माझा हात काय, असं म्हणून ती दाबत गेली.

तेवढ्यात रबाबच्या बोटाला लावलेल्या चिमट्यातून रक्तातला प्राणवायू मोजणारं उशाशी असलेलं यंत्र टीं टीं करू लागलं.

"झालं! आता हे मेलं उठवणार पोरीला," नजात म्हणाली. "तो बोटाचा चिमटा काढ बघू, वहिनी."

इन्साफनं काढला. यंत्र आणखीच किंचाळलं.

"मग तुझ्या बोटाला लाव. त्याला काय, बोटाशी मतलब."

इन्साफनं चिमटा आपल्या बोटाला लावला. यंत्र जरा घुटमळलं आणि गप्प झालं. पडद्यावर हिरवी रेघ डौलात चालू लागली. दोघी ओढणीत तोंड लपवून हसल्या. नजातनं पिशवीतून उकडलेल्या कोंबडीचं भांडं काढलं. "खाऊ देणार नाहीत, ठाऊक आहे. पण वासाला कोण अडवतंय?"

इन्साफ हलक्या आवाजात रसूलची स्तुती गुणगुणू लागली. मौलिदच्या जत्रेच्या मांडवात लहानपणापासून ऐकलेलं ते गाणं. गाणारे शेख जिथं दम घेत, तिथंच तीही दम घेई. तशी ती थांबली, तर घोरणंही थांबलेलं. तिनं वाट पाहिली. मनात काहीतरी चरकलं. तिनं यंत्राकडे पाहिलं. हिरवी रेघ कशी झोकात चालली होती! मग एक हिसका बसून घोरणं परत आलं. तिचा जीव भांड्यात पडला आणि तिनं पुढचं कडवं उचललं.

दिमयाना झपझप आली. "यंत्र ओरडलं आणि गप्प कसं झालं?" पडद्यावर तिची नजर गेली. सगळं ठीक. तरी ती वळली नाही. तिनं रबाबच्या छातीवर पंजा ठेवला आणि थांबली. थांबूनच राहिली. रबाबचे ओठ राखेसारखे झाले होते. दिमयानाची नजर पुन्हा पडद्यावर गेली, तिथून वायरीवर उतरली, आणि वायरीमागून चालत चालत इन्साफच्या मांडीवर येऊन थबकली.

"खाला! हा तर तुमचा श्वास आहे!"

मग तिनं घंटा दाबली, बटण हिसकावलं, मॉर्फिनची नळी बंद केली. रबाबची हनुवटी वर उचलून ती तिच्या कानात ओरडू लागली, "रबाब! ए पोरी! श्वास घे! घे श्वास!" डॉक्टर धावत आले. तोंडावर रबरी मुखवटा बसला, हातानं फुगा दाबून हवा आत जाऊ लागली, शिरेत मॉर्फिनवरचा उतारा गेला.

इन्साफ भिंतीला टेकली. चिमटा बोटालाच होता, आणि पडद्यावर तिचं स्वतःचं काळीज उधळलं होतं. "मीच दाबलं," ती कुणालाच उद्देशून म्हणाली. "या रब, मीच दाबत होते. माझा श्वास घे. माझ्याकडे पुष्कळ आहे, तिला दे."

रबाबची छाती वर आली. खाली गेली. पुन्हा वर आली. तिनं डोळे उघडले, आणि औषधाबरोबर सगळा आराम उतरलेला असल्यामुळं ती अशी किंचाळली, की जिन्यापर्यंत ऐकू गेलं.

"आई! मेले गं! पोट फाटतंय माझं!"

"ओरड बाळा, ओरड," दिमयाना कपाळावरचा घाम पुसत म्हणाली. "ओरडायला श्वास लागतो."

इन्साफ तिच्या हाताचं चुंबन घ्यायला वाकली. दिमयानानं हात मागे घेतला.

"हात नंतर, खाला. आधी चिमटा द्या."

चिमटा रबाबच्या बोटाला लागला. रबाब शिव्या देत होती, आईला, डॉक्टरला, आतड्याला. आणि इन्साफची जीभ आपोआप टाळ्याशी थरथरली. वरातीत किंवा बाळ झाल्यावर घालतात तसा आनंदाचा लांब, खणखणीत जगरुता तिच्या गळ्यातून निघाला आणि वॉर्डभर घुमला.

"अहो, इस्पितळ आहे हे!" दिमयाना म्हणाली, पण तिला रागावता येईना.

पार टोकाच्या खाटेवर एक अर्धबहिरी म्हातारी उठून बसली. "मुबारक गं, मुबारक! काय झालं? मुलगा की मुलगी?"

"श्वास झाला, हाज्जा!" इन्साफ रडत ओरडली. "श्वास!"

म्हातारीला शब्द काही कळले नाहीत. तिनं दोन्ही हात वर केले आणि बोळक्या तोंडानं आपलाही जगरुता त्यात मिसळला.