टिक्यानं आणलेली चप्पल

टिक्या कुत्रा लई खोडकर. आणे पठारावरच्या वस्तीतून तो रोज कुणाची ना कुणाची चप्पल पळवून आणायचा, आणि संध्याकाळी गजराबाई त्या चपला पाटीत घालून दारोदार परत करत फिरायची. आता पायांत तेवढं बळही राहिलं नव्हतं.

"काय गजराबाई, दुकान टाकलं का काय?" बाया हसायच्या.

त्या दुपारी टिक्यानं आणली ती तिच्या नवऱ्याची, जानकूची डावी चप्पल. तुटलेला अंगठा गजराबाईनंच तांब्याच्या तारेनं बांधला होता. पण जानकू तर सकाळी हीच चप्पल घालून ओतूरला गेला होता. ती चप्पल अंगणात ठेवून ती वाटेकडे बघत बसली.

चारच्या एसटीनं जानकू आला. ओसरीवर त्यानं दोन्ही चपला काढल्या. डावीच्या अंगठ्याला तीच तार होती.

"आवो, वाटंत काय झालं न्हाई ना?"

"काय व्हायचंय? दमलोय. च्या ठेव," म्हणत तो आत गेला.

एरवी त्याच्या अंगावर उड्या मारणारा टिक्या शेपूट पायांत घालून वाटेनं पळत सुटला.

चहा उकळेपर्यंत तो परतला. तोंडात उजवी चप्पल होती. ती त्यानं आपण आणलेल्या डावीशेजारी ठेवली आणि वाटेकडे तोंड करून शेपूट हलवू लागला, मालक येताना हलवायचा तशी.

वाटेवर अजून कुणी दिसत नव्हतं. गजराबाई थकल्या डोळ्यांनी बघत उभी राहिली.

आतून जानकू म्हणाला, "गजरे, दार लावून घे."