मुहूर्ताचं लॉगिन

केतकीच्या नव्या, ॲपवर चालणाऱ्या स्मार्ट फ्लॅटमध्ये कुणीतरी तिचे लाड करत होतं. पहाटे पंखा आपोआप हळू व्हायचा, ती उठायच्या आत आंघोळीचं पाणी तापलेलं असायचं. काल तर तिनं मागवलेला पिझ्झा रद्द झाला आणि दारात मेथीची जुडी आली.

"तुमच्या आधी कुणी या घराचं लॉगिनचं पान उघडलं होतं?" तपासायला आलेल्या इंजिनिअरनं विचारलं. "पान उघडणाऱ्याला घर एक डिजिटल किल्ली देतं. त्याच पानावर तुम्ही अंगठा लावलात, तेव्हा ती बदलायला हवी होती, पण घरानं किल्ली बदललीच नाही. म्हणजे त्या माणसाकडेही तुमची किल्ली आहे. तुमची बँकसुद्धा याच लॉगिनवर चालते, मॅडम!"

केतकीला आठवलं. गृहप्रवेशाच्या दिवशी ती सामानाच्या टेम्पोत अडकली होती. मुहूर्त टळू नये म्हणून आत्यानं इचलकरंजीत बसून पान उघडलं आणि लिंक पाठवली, "तू फक्त अंगठा लाव."

केतकीनं सगळीकडून लॉगआउट केलं. लगेच फोन वाजला.

"मला घराबाहेर काढलंस होय गं?" आत्यानं विचारलं.

"नाही गं आत्या. तुझाही अंगठा नोंदवते ना, तुझ्या नावानं."

"माझ्या नावानं?" आत्या दचकली. "नको बाई! मग पिझ्झा कुणी रद्द केला ते तुला कळेल."