शेवटची पंगत

"पोरी, भरल्या ताटावरून उठवलंस मला," दिगंबरकाका फोनवर म्हणाले. काका केटरर, आणि ऐन लग्नसराईत त्यांची वेबसाइट रखडत होती.

त्या वेबसाइटच्या होस्टिंग कंपनीत रेवती सर्व्हर सांभाळायची. "काका, एकाच सर्व्हरवर पुष्कळांच्या वेबसाइट्स असतात. तुमच्या जेवणावळींचे व्हिडिओ सगळी मेमरी, सगळा प्रोसेसर खाऊन टाकत होते. म्हणून कालपासून प्रत्येकाला ठरावीकच वाटा."

"आमच्याकडे जिलबी हाणणाऱ्याला कुणी अडवत नाही. उलट आग्रह करकरून वाढतो आम्ही."

"आणि मग शेवटच्या पंगतीला काय मिळतं?"

काकांचा आवाज उतरला. "वरणभात."

"तुमच्या शेजारी एका रक्तपेढीची साइट आहे. परवा रक्तासाठी धावपळ करणाऱ्यांना ती उघडतच नव्हती. शेवटच्या पंगतीत ते बसलेत, काका."

पलीकडे काकांनी एका पातेल्यावर दाणकन झाकण ठेवलं. मग काका म्हणाले, "त्यांना आधी वाढ. माझे व्हिडिओ मी काढून टाकतो." आणि फोन ठेवता ठेवता पुटपुटले, "वाढपी म्हणून मात्र तुला मी कधी ठेवणार नाही."

संध्याकाळी काकांकडून ऑफिसात भलामोठा डबा आला. जिलब्यांचा वास सुटला तशी सगळेजण खुर्च्या सोडून धावले. डबा घेऊन आलेल्या मिशाळ वाढप्याने झाकणावर हात ठेवला.

"रांगेत या. माणशी एकच. आग्रह करायचा नाही, असं मालकांनी बजावलंय."