मिरचीचा वाफा

पहिल्या दोन ओळी ओक्बुनने धडाधड म्हटल्या आणि तिसरीला ती अडली. समोर पाळक बसले होते, शेजारी नो आडनावाचे मंडळीतले ज्येष्ठ. बाहेर चर्चच्या अंगणात तिच्या नवऱ्याचा पॉवर टिलर धडधडत होता.

"सावकाश, आजी," पाळक म्हणाले. "झाडाचीच तर ओळ आहे."

झाडाचीच होती, आणि तेच तर दुखणं होतं. बाप्तिस्मा हवा तर झऱ्याकाठच्या झाडाच्या स्तोत्रातल्या पहिल्या चार ओळी तोंडपाठ हव्यात, हा ज्येष्ठ नोंचा नियम. ओक्बुनला अक्षरओळख नव्हती आणि त्र्याहत्तराव्या वर्षी डोकं म्हणजे चाळण झालेलं. दोनदा ती इथूनच हात हलवत परत गेली होती. त्यांच्या गावात बाप्तिस्मा वर्षातून एकदाच, नाताळात. यंदाचा हुकला तर पुढचा नाताळ आपल्याला दिसेल याचा तिला भरवसा नव्हता, आणि मरायचं ते ख्रिस्ताची म्हणून, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

म्हणून या खेपेला तिने शक्कल लढवली. पाळकांच्या बायकोकडून एकेक ओळ ऐकून घेतली आणि घरामागच्या मळ्यात नेऊन पेरली. कांद्याच्या पातीला पहिली, मुळ्याला दुसरी, मिरचीला तिसरी, किमचीच्या कोबीला चौथी. रोज खुरपताना ज्या वाफ्यात बसेल त्याला त्याची ओळ ऐकवायची. शेजारच्या वाफ्यात तिचा नवरा दोक्सू गालातल्या गालात हसायचा.

"कोबीला कान फुटले की मला हाक मार हो, म्हातारे."

दोक्सूला देवाचं वावडं होतं असं नाही, पण ओढही नव्हती. वीस वर्षं दर रविवारी तो तिला टिलरवर बसवून चर्चपर्यंत आणायचा आणि स्वतः बाहेर सिगारेट ओढत बसायचा. आत चला म्हटलं की म्हणायचा, "मग टिलर कोण राखणार, तुझा देव?"

कालपर्यंत सगळं ठीक होतं. काल दोक्सूने मिरचीची झाडं मुळासकट उपटली. लसूण लावायचे दिवस आले होते, त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. पण आज सकाळी ओक्बुन उजळणीला मळ्यात गेली, तर तिसऱ्या वाफ्यात नुसती माती.

"मिन्छलचे बाबा, माझी ओळ कुठंय?"

"कसली ओळ? मिरच्या अंगणात वाळत घातल्यात की."

वाटभर ती त्याच्याशी बोलली नव्हती. आता डोळे मिटले तरी तिला तीच उघडी माती दिसत होती. अवाक्षर उगवेना.

ज्येष्ठ नो खाकरले. "आजी, नियम सगळ्यांना सारखा. पुढच्या वर्षी बघू."

ओक्बुनला रडू फुटलं. गुडघ्यावर हात टेकून ती कशीबशी उठली. बाहेरचा टिलर बंद झाल्याचंही तिला कळलं नव्हतं.

"मिरच्या मी उपटल्या," दारातून आवाज आला. "मग शिक्षा तिला का?"

दोक्सू उंबऱ्यात उभा होता. टोपी हातात, नजर जमिनीला. ज्येष्ठ नोंनी तोंड उघडायच्या आत त्याने तिसऱ्या ओळीला सुरुवात केली, पाटाकाठी लावलेल्या झाडापासून. दोन शब्द कानावर पडले मात्र, ओक्बुनच्या तोंडून पुढची सगळी ओळ घळघळ बाहेर आली. फळलेल्या फांद्या आल्या, न सुकणारी पानं आली. त्याच दमात चौथीही आली. दोघं एका सुरात म्हणत होती, वाफ्यात रोपं लावायला बसल्यासारखी.

"दारातून सांगितलेलं खरं तर धरत नाहीत," ज्येष्ठ नो पुटपुटले. पाळक खो खो हसले आणि त्यांनी वहीत ओक्बुनचं नाव लिहिलं. नोंनीही मग मान डोलावली. ओक्बुनला इतका आनंद झाला की बसावं की उभं राहावं, तिला सुचेना.

पण दारातला आवाज थांबला नव्हता. चौथी ओळ संपली, दोक्सूने पाचवी घेतली. सहावीत तो एकदा अडखळला, मागे आला, शब्द सुधारला आणि स्तोत्र शेवटापर्यंत नेलं. पाळकांचं हसू थांबलं. घरी मुलाने, मिन्छलने पाठवलेलं बायबल होतं. ओक्बुन दर शनिवारी ते नुसतं पुसून ठेवायची. वाचता येणारं माणूस त्या घरात एकच होतं.

ओक्बुनने बोटं मोजली, मग पुन्हा मोजली आणि नवऱ्याकडे बघतच राहिली.

"अहो," ती म्हणाली, "या दोन तर मी पेरल्याच नव्हत्या."