भिंतीतला पिंपळ

अमीनाबादेतलं ते घर बहात्तर सालापासून कुणी घेत नव्हतं, कारण माडीच्या भिंतीत पिंपळ उगवला होता. पडकी घरं दुरुस्त करून विकायचं खूळ सुभद्राच्या डोक्यात नुकतंच शिरलेलं. नवऱ्याला फंड काढायला लावून तिने तेच घेतलं. मिस्त्रीने वर बघून कानाला हात लावले. "हम पीपल नहीं काटेंगे, बहनजी. पाप लगेगा." "आता काय?" नवरा घाबरला. "अहो, आपला तर हा बोधिवृक्ष! तोडायचा कशाला? हलवू की!" तिने पदर खोचला, भिंतीतला जुना चुना पाण्याने भिजवून एकेक मूळ सोडवलं आणि ते खुरटलेलं झाड विहाराच्या अंगणात लावलं. डागडुजी झाली, घर दुप्पट भावाने गेलं. रिक्षातून परतताना नवरा हळहळला, "असं घर पुन्हा कुठं सापडायचं?" सुभद्राची नजर माड्यांवर होती. "भैया, रोको!" ती ओरडली. समोरच्या भेगाळलेल्या भिंतीत कोवळा पिंपळ सळसळत होता.